ताडकळस ते चुडावा, पाठीवर दप्तर

सध्या मी दक्षिण स्पेनमध्ये ऑलिव्हच्या बागांमधून रोज चालतो. पर्यटक पुढं, मी मागं, पाठीवर त्यांचं दुपारचं जेवण. आठवीत शाळा सोडलेल्याला अशी नोकरी कशी लागली, असं गावाकडचे अजून विचारतात. ती ताडकळस ते चुडावा या रस्त्यावर लागली. आणि तिथंच जाता जाता वाचली.

संभाजीनगरच्या एका हॉटेलात मी स्वयंपाकी होतो. तिथं उतरलेल्या एका स्पॅनिश बाईंना माझ्या हातचं वरण आवडलं. त्या तिकडं लोकांना दिवसदिवस पायी हिंडवायच्या आणि त्यांना सोबत चालणारा आचारी हवा होता. अट एवढीच, की दहा किलो वजन घेऊन एका दिवसात वीस किलोमीटर चालून दाखवायचं. फोन रस्ता मोजणार, संध्याकाळी तो हिशोब त्यांना पाठवायचा. मध्ये गाडीवर बसलो तर वेग दिसणार आणि नोकरी जाणार.

मी मूळचा घाबरट. रात्री तीनदा उठून फोन चार्ज झालाय का बघितलं. सकाळी भाचीचं गुलाबी दप्तर घेतलं, त्यावर दात काढून हसणारा ससा होता. आत दहा किलो ज्वारी भरली. इतक्या वर्षांनी पाठीवर दप्तर आलं आणि गृहपाठ राहिलाय असंच वाटायला लागलं.

ताडकळस सोडून फर्लांगभर गेलो नसेन, तोच मोटारसायकलवरचे एक मामा थांबले. ओळख ना पाळख.

"कुठं जायलाव?"

"चुडाव्याला."

"मग बसा की!"

"न्हाई मामा, चालतच जायचंय. नोकरीसाठी चालून दाखवायलोय."

"चालायची नोकरी?" मामांनी गाडीच बंद केली. "बायकोसंग भांडलाव का?"

"लगीनच न्हाई झालं."

"मंग नवस हाय. चुडाव्याच्या महादेवाला निघालाव."

"न्हाई हो, खरंच…"

"सांगू नका! सांगितला की फळत न्हाई." मामांनी माझ्या सशाला हात जोडले आणि निघून गेले.

आमच्याकडं चालणाऱ्याला गाडीवर न घेणं म्हणजे त्याचा अपमान, आणि त्यानं न बसणं म्हणजे गाडीवाल्याचा. पुढच्या तासाभरात मी चार मोटारसायकली, एक टेम्पो आणि एका वरातीचा अपमान केला.

पुढच्या गावाच्या पारावर माणसं माझी वाट बघत उभी होती. मामांनी फोन केला होता. एक आजी नारळ घेऊन पुढं आल्या.

"लेकरा, माझा बी एवढा ने. बोरला पाणी लागू दे म्हणावं."

"आजी, मी देवाला न्हाई निघालो…"

"सांगू नगंस!" अख्खा पार माझ्यावर ओरडला.

दुपारपर्यंत नऊ नारळ झाले. कुणाच्या लेकीचं जमत नव्हतं, कुणाचा जावई दारू सोडत नव्हता. कुणाचं काय ते विसरेन या धास्तीनं टपरीवरून पेन मागून घेतला आणि प्रत्येक नारळावर लिहून ठेवलं. माझं अक्षर आठवीत होतं तिथंच थांबलंय. दप्तराचा बंद तुटला, तो एका वहिनींनी शिवून दिला. पाणी, चहा, भाकरी, कुणीच काही विकत घेऊ दिलं नाही, नुसतं खाऊ दिलं. मला रडू येत होतं, त्यातलं निम्मं उपकारानं आणि निम्मं खांद्यानं.

चुडावा तीनेक किलोमीटर राहिला आणि पाय संपले. खाली बसलो असतो तर उठलो नसतो. तेवढ्यात मागून सकाळचेच मामा आले. नोकरी, स्पेन, बाई, सगळं क्षणभर पुसलं गेलं आणि मी सरळ त्यांच्या गाडीच्या पायदानावर पाय ठेवला.

"काय करायलाव!" मामांनी गाडी अशी पुढं ओढली की मी पडता पडता राहिलो. "नऊ घरचे नारळ हायत पाठीवर! लाज वाटू द्या."

"मामा, सकाळी तुमीच बसा म्हणत होताव."

"सकाळी नारळ नव्हते."

मग त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि माझ्या शेजारून ती ढकलत चालायला लागले. नवसाच्या माणसापुढून गाडीवर जाणं बरं दिसत नाही म्हणे. तीन किलोमीटर ते गाडीला शिव्या देत होते आणि मी मनात त्यांना आशीर्वाद देत होतो.

देवळात नारळांवरचं वाचत वाचत नऊच्या नऊ फोडले. माझा नव्हताच. बाहेर येऊन हिशोब पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "चालणं उत्तम. पण सात ठिकाणी अर्धा अर्धा तास का थांबलात?"

मी लिहिलं, "चहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं, या.

इकडं गाड्या शेजारून भुर्रकन जातात, कुणी बसा म्हणत नाही. पहिले काही दिवस फार वाईट वाटलं. मग आजींचा फोन आला, बोरला पाणी लागलं. त्यानंतर नवस सांगणाऱ्यांचे फोन थांबेनात. "तिकडं महादेव नसंल, पण चालायलाव तर रोजच ना?"

परवा बाजारातून एक नारळ आणला, त्यावर निळ्या पेनानं लिहिलं, 'मामांचा गुडघा'. त्या दिवशी गाडी ढकलल्यापासून तो दुखतोय, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. टेकडीवर पोचल्यावर दगडावर फोडला. खोबरं पर्यटकांनी आवडीनं खाल्लं. बाईंनी विचारलं, वर काय लिहिलं होतं?

म्हटलं, सांगायचं नसतं.