हौदातली काळी पोत

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहाची कपबशी खाली ठेवा, अंगावर सांडली तर मला बोल लावू नका!

आमच्या डोंगरकड्यात ही फजिती अजून कुणी विसरलेलं नाही. मला विसरू देतच नाहीत हो! पाण्याला गेले की एखादी विचारतेच, "काय गं इंदू, औंदा हौदात मणी आले का न्हाई?" आणि बाकीच्या पदरात तोंड घालून खीखी करतात.

माझा बापू तेव्हा वर्षाच्या आतला. पहिलंच लेकरू. आणि मी म्हणजे काळजीचं गाठोडं! तो शिंकला की मला खोकला दिसायचा, खोकला की डांग्या खोकला दिसायचा. रडला तर पोट दुखत असेल. हसला तर? तर एवढं हसू बघून कुणाची तरी दृष्ट लागेल! काजळाचे ठिपके तरी किती लावावेत! गालाला, कपाळाला, हनुवटीला, तळपायाला. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मोतीबिंदूनं अधू झालेल्या. पण जिभेला कसला मोतीबिंदू! त्या म्हणायच्या, "या लेकराला मांडीवर घेतलं की माझं लुगडं चुलीवरच्या काळ्या बुडकुल्यानं पुसल्यावानी व्हतंय गं माय!"

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. मृग कोरडा गेला, म्हणून गावातल्या पोरांनी धोंडी काढली. तुमच्याकडे काढतात का? एक बेडूक धरायचा, लिंबाच्या डहाळ्यात गुंडाळून मुसळाला बांधायचा आणि दारोदार फिरवायचा. घरच्या बाईनं त्याच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे देवाला दया येते. आमच्या दारात आली तेव्हा मी बघते तर काय! खरखरीत पाठीची, गोलगरगरीत थोरली बेंडकी, गळा धापा टाकतोय, डोळे असे केविलवाणे! माझा जीव कळवळला. मी आत जाऊन पाणी घेऊन आले. कसलं पाणी? कोमट! म्हटलं, उन्हात तापलेला जीव, एकदम गार पाणी ओतलं तर पडसं व्हायचं बिचारीला!

हसू नका म्हटलं ना?

मग मीच पोरांना म्हटलं, "आता पुरं झालं रे, मारता का काय तिला? सोडा आमच्या हौदात!" त्यांनी सोडली, मी लिंबाचा पाला झाडून टाकला, आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. पुढं पाऊस लागला, पेरण्या झाल्या, धोंडीचं कुणाला कशाला ध्यानात राहतंय!

आता हौद कुठला, ते सांगते. आमचं घर आणि माझ्या मोठ्या जावेचं घर एका भिंतीचं. मागं दोघींची मिळून परसबाग. केळी, कर्दळ, मोगरा, आणि मधोमध दगडी हौद. जावेचं नाव मथुराआक्का. तिचा हात मोठा देखणा. अख्ख्या गावातल्या बायका मंगळसूत्राची काळी पोत तिच्याकडूनच ओवून न्यायच्या. काळे मणी असे सरळ एका रांगेत बसवायची की मोजणीदारानं साखळी टाकून मापावं!

पण त्या उन्हाळ्यात आमच्या दोघींचं बोलणं बंद होतं. का? हौदातलं शेवाळ कुणी काढायचं यावरून! ती म्हणे, "तुझी पाळी." मी म्हणे, "तुमची." शेवाळ तसंच राहिलं आणि अबोला वाढला.

पाऊस लागल्यावर एके दिवशी आक्का केळीच्या आडून आपण होऊन बोलली, "इंदे, लेकरू लई गुटगुटीत झालं गं!"

झालं! संध्याकाळी बापूचं अंग कोमट लागायला लागलं. दूध पिईना, नुसती लाळ गाळतोय, मुठी चावतोय. त्यात परसात बेडकांनी असा गोंधळ मांडलेला की लेकराचा डोळ्याला डोळा लागेना.

सकाळी देवाला मोगरा तोडायला हौदाजवळ गेले. पाण्यात सहज बघितलं, आणि माझ्या हातातली परडीच गळाली!

कर्दळीच्या देठाला गुंडाळून काळी पोत! एक नाही, दोन नाही, वेटोळीच वेटोळी! काळेभोर बारीक मणी, सरळ एका रांगेत, आणि ओवलेले कशात तर दिसेल न दिसेल अशा काचेसारख्या दोऱ्यात. काडीनं उचलायला गेले तर निघतंय निघतंय, संपायचं नाव नाही! बुळबुळीत, थंडगार.

गावात एवढी सरळ पोत ओवतं कोण? तुम्हीच सांगा!

मी तशीच पळत आत. "आत्याबाई! आत्याबाई, घात झाला! आक्कानं माझ्या लेकरावर करणी केली!"

"हळू बोल, भिताडाला कान हायेत. कशावरून म्हणतीस?"

मी वाटीत थोडी पोत आणली होती. त्यांना दिसणार नाही, म्हणून हात धरून बोटं वाटीत बुडवली. त्यांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि तोंड वाकडं केलं.

"मणीच हायेत गं बया. बारीक बारीक. पर दोरा असा शेंबडावानी काहून?"

"करणीचा दोरा आहे ना तो!"

"व्हय, तेबी खरंच."

माझी सातवीपर्यंतची शाळा आणि त्यांनी बघितलेले पावसाळे, दोन्ही एका वाटीत बुडाले की नाही?

घरात पुरुष माणूस नव्हता. हे कचेरीच्या कामाला हिंगोलीला गेलेले. आत्याबाईंनी सांगितलं, करणी फेकायची नाही, वाळू द्यायची नाही. जाणत्याला दाखवेपर्यंत होती तशी पाण्यात ठेवायची. जाणता म्हणजे सटवाजीबुवा, बाजाराच्या दिवशीच गावात यायचे. मग मी मडक्यात हौदाचंच पाणी घेतलं, काडीनं पोत आत सोडली, तोंडाला पातळ फडकं बांधलं, बाहेरून हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर लिंबू ठेवलं आणि मडकं देवघराच्या कोपऱ्यात! रोज सकाळ-संध्याकाळ मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मिरच्यांचा असा ठसका की रस्त्यानं जाणारं माणूस खोकायचं!

समोरच्या घरातली शरीफाचाची, तिचे मियाँ कापडाचा धंदा करायचे, नाकाला ओढणी लावून दारात आली. "क्या बेटी, रोज मिरच्या कायकू जलारी? बच्चे का दम घुटेंगा ना!"

मी तिला कानात सगळं सांगितलं आणि बजावलं, "चाची, कुणाला सांगू नका हं!"

"हौ हौ, मैं कायकू बोलूंगी?" चाची म्हणाली, आणि दुपारपर्यंत गावाला कळलं.

एका आक्काला तेवढं कळलं नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या कानावर काही जात नसतं ना! ती परसदारानं आली. हातात काय तर काळ्या मण्यांच्या दोन इवल्या मनगट्या!

"घे गं. लेकरू किरकिर करून राहिलं म्हणून रातून ओवल्या. भांडण आपलं, लेकराचं कशाला?"

काळे मणी बघून मी जी किंचाळले! "हात लावू नका माझ्या लेकराला! एवढं करून पोट भरलं नाही का तुमचं?"

आक्काचा चेहरा असा उतरला, काय सांगू. "काहून गं? म्या काय केलं?"

"बाजाराच्या दिवशी कळेल काय केलं ते! चार माणसांत कळेल!"

तिनं मनगट्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेली. खरं सांगू? मी त्या उचलायला वाकलेही होते. पण बापू पुन्हा रडायला लागला, आणि मी पुन्हा मिरच्या घेतल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या. चाची तर स्वतःचा पाट घेऊन आली. आक्कालाही बोलावणं धाडलं. ती डोळे सुजवून एका कडेला उभी. आज बुवांनी तिचं नाव घेतलं की दोन घरांमधलं परसदार कायमचं बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

सटवाजीबुवा आले. कपाळभर भंडारा, हातात मोरपिसांचा कुंचा. मी बाहेर आणलेल्या मडक्याला हात लावून डोळे मिटले, अंगाला थरथर आणली आणि जड आवाजात म्हणाले, "बाहेरचं काम न्हाई हे! घरातल्याच बाईचं हाय! तिनं सोताच्या हातानं पाणी घातलंय, सोताच्या तोंडानं सोडाया सांगितलंय, हौदातच सोडलंय!"

अंगणभर "अगं बया!" झालं. सगळ्यांच्या माना आक्काकडे वळल्या. मी तर छाती फुगवून उभी. बघा, माझं बराबर निघालं की नाही!

"फडकं काढ, पोरी. मणी दाव समद्यांला."

मी फडकं सोडलं. बुवा आत वाकले.

आणि बुवा केवढ्यानं ओरडले म्हणता! "जित्ते झाले! मणी जित्ते झाले!" कुंचा एकीकडे, बुवा एकीकडे. साठीचा माणूस एका उडीत ओट्यावर!

मी मडकं उचलून आत बघितलं. पोत कुठाय? पोत नाहीच! काळे मणी शेपट्या हलवत मडकंभर पळतायत! शेकडो! माझ्या हातातलं मडकं सुटलं, फुटलं, आणि सगळं पाणी अंगणात. बायकांची पळापळ! कुणी लुगडं गुडघ्यापर्यंत उचललंय, कुणी तुळशीकट्ट्यावर चढलंय. चाची पाटावर उभी राहून "या अल्ला!" करतेय, आत्याबाईंना काही दिसत नाही म्हणून त्या "काय झालं गं? कोण मेलं?" असं ओरडतायत!

आणि या सगळ्यात बापू कुठं? माझा बापू रांगत थेट त्या पाण्यात! दोन्ही हातांनी थपथप पाणी उडवतोय आणि खदाखदा हसतोय! इतक्या दिवसांत पहिल्यांदा!

मी हंबरडा फोडणार, तेवढ्यात आक्का पुढं धावली. तिनं त्याला उचललं, खाली बसून एक वळवळता मणी तळहातावर घेतला, बघितला, आणि मटकन तिथंच बसली. मला वाटलं, चक्कर आली. पण ती हसत होती हो! डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत!

"अगं येडे, हे मणी न्हाईत, बेडूकमासे हायेत! बेंडकीनं घातलेली अंडी तू देवाजवळ ठेवून उबवलीस!"

"आन् ही किरकिर कशाची ते बघ." तिनं बापूच्या हिरडीवरून बोट फिरवलं. खालच्या हिरडीत दोन पांढरे कण नुसते चमकत होते. "दात आलेत तुझ्या लेकाला!"

माझी सातवी अशी चुलीत गेली! पुस्तकात चित्र होतं की बेडकाच्या अंड्यांचं. पण ते कागदावर होतं. ते असं कर्दळीला गुंडाळून येईल असं गुरुजींनी कुठं सांगितलं होतं?

तरी मी हार मानते का? म्हटलं, "पण आपल्या हौदात आजवर एक बेंडकी नव्हती. मग ही आणली कुणी?"

चाची पाटावरून उतरली आणि गोड आवाजात म्हणाली, "अगे, धोंडी आई थी ना तेरे दार पे? मैं दरवाजे में खडी थी. तूच बोली ना, सोडो हमारे हौद में?"

"ती होय!" आत्याबाई म्हणाल्या. "जिला तू कोमट पाणी घातलंस?"

आता कुणाच्या माना कुणाकडे वळल्या, ते सांगायला हवं का?

मी खाली बघितलं, तर उंबऱ्यावर त्या मनगट्या तशाच पडलेल्या. उचलून मी त्या आक्काच्या हातात दिल्या. तिनं त्या बापूच्या हातांत घातल्या. मग म्हणाली, "शेवाळ मात्र तूच काढायचं!"

आणि सटवाजीबुवा? ते ओट्यावरून हळूच खाली उतरले, कुंचा झटकला, आणि माझ्यासमोर उपरणं पसरलं.

"घरातलीच बाई. सोताच्या हातानं पाणी, सोताच्या तोंडानं सोडाया सांगणं, आन् हौद. सांग पोरी, यातला एक तरी शब्द चुकला का?"

मी आत गेले, नारळ आणि सूपभर ज्वारी आणली, आणि माझ्याच हातानं त्यांच्या उपरण्यात घातली!