निळ्या पट्ट्यांचा साबण

सासूबाई घरी कपड्यांचा साबण करायच्या. मोहाचं तेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी, ढवळायला दांडा आणि लाकडी साचा, एवढाच पसारा. साबण मातकट निघायचा, पण सक्करदऱ्यात आमच्या गल्लीला तोच पसंत होता. मला मात्र हौस भारी! लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि मला साबणात रंग हवे होते.

आधी हळद घातली. कॉस्टिकने तिचं कुंकू झालं आणि आठवड्यात तेही विटलं. मग कपड्यांची नीळ घातली, ती टिकली. पण नुसता निळा साबण काय करायचा? मला पांढऱ्यात निळे पट्टे हवे होते. त्यासाठी दोघींनी समोरासमोर बसून दोन पातेल्यांतून एकाच वेगाने साच्यात ओतायचं. मिश्रण पातळ राहिलं की रंग एकमेकांत मिसळायचे. दोनदा तसंच झालं आणि माझं डोकं फिरलं.

दुसरं पातेलं धरायची माझी नणंद. आठ दिवसांवर तिची टायपिंगची परीक्षा होती. मामंजींनी एकदाच संधी दिली होती. पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न. ती पोळ्या लाटायला बसली तरी पोळपाटावर बोटं चालवायची.

त्या दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मिश्रण लवकर दाटावं म्हणून मी अंदाजाने कॉस्टिक वाढवलं. ओतायला लागलो तोवर ते फारच घट्ट झालं होतं. तिच्या पातेल्यातून एक गोळा धपकन साच्यात पडला आणि उडालेलं मिश्रण तिच्या उजव्या हातावर आलं.

“वहिनी, बोटं जळून राहिली!”

“सोडू नको वं! एवढं ओतून होऊ दे, पट्टे बिघडतील.”

तिने सोडलं नाही. दात आवळून शेवटपर्यंत ओतलं आणि मग नळाकडे धावली. तोवर तीन बोटांची सालं निघाली होती.

सासूबाई आल्या, हात पाहून कळवळल्या. “काहून वं, काय केलं हे?”

“माहाच हात हलला, आई,” नणंद म्हणाली.

मी तिथेच उभी होते. साच्यावर पोतं पांघरलं. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी साबण कापला तेव्हा ते पट्टे पाहून मला आनंदच झाला. नंतर स्वतःचीच किळस आली.

ती पट्टी बांधून परीक्षेला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. बोटांच्या जखमा उघडून कागदाला डाग पडायला लागले, तशी परीक्षकांनी तिला उठवलं होतं. संध्याकाळी मामंजी म्हणाले, “जिले एक पातेलं सांभाळता येत नाही, ते नोकरी काय करीन!” तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मी ताटं वाढत होते, वाढतच राहिले.

चौथ्या महिन्यात तिचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी मला राहवेना. तिला बाजूला घेऊन म्हटलं, “मी मामंजींना सगळं खरं सांगते.”

ती रुखवताची भांडी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “आता कोणासाठी सांगता, वहिनी? मी तर चालली.”