माझ्या पडण्याला कोल्हापूर हसेना

माणसानं विनोदी पुस्तक लिहावं आणि लोकांनी घरी येऊन सांत्वन करून जावं, असं कोल्हापूर सोडून दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल तर मला दाखवा. मी तिथं राहायला जातो.

टीव्ही आमच्याकडं नुकता घरोघरी पोचला होता, तेव्हाची गोष्ट. त्याआधी मी वीस वर्षं नाटकाच्या दौऱ्यांवर हाडं झिजवली, मुंबईला जाऊन टीव्हीवर बारीकसारीक कामं केली. पण गल्लीतल्या शेंबड्या पोरानं ओळखावं असं नशीब उजाडलं ते एका मालिकेतल्या भित्र्या हेडक्लार्कमुळं. मग पुण्याचा एक प्रकाशक मागं लागला, आठवणी लिहा म्हणून. "फक्त हसवा," एवढीच त्याची अट. मी लिहिल्या. पुण्या-मुंबईकडचे वाचक पोट धरधरून हसले. सगळ्यांच्या तोंडी प्रकरण एकच: माझी पहिली आणि शेवटची मोठी कुस्ती.

ती गोष्ट अशी. मी मूळचा तालमीतला. वडील लवकर गेले आणि मला वाढवलं ते पेठेतल्या तालमीच्या वस्तादांनी. दूध त्यांचं, बदाम त्यांचे, पाठीत बसणारे रट्टेही त्यांचेच. साठच्या दशकात, मिसरूड नीट फुटायच्या आत, त्यांनी मला भर मैदानात हातकणंगल्याकडच्या एका पैलवानासमोर उभं केलं. मी शड्डू ठोकला, सलामी दिली आणि लगेच मला आभाळ दिसलं. लोकांचा पानाला चुना लावून व्हायच्या आत मी चितपट! मी कसा भ्यालो, पाय कसे लटपटले, हे सगळं मी पुस्तकात तिखटमीठ लावून लिहिलं होतं.

लिहिलं नव्हतं ते एवढंच, की त्या दिवसापासून वस्ताद माझ्याशी बोलले नाहीत. मी तालीम सोडून नाटकवाल्यांबरोबर गेलो, लग्न केलं, टीव्हीवर दिसलो, पण म्हाताऱ्यानं तोंडातून शब्द काढला नाही. मी रस्त्यात समोर दिसलो की ते सरळ शेजारच्या बोळात शिरायचे. त्याचं मला फार लागायचं. ते प्रकरण मी खरं तर त्यांच्यासाठीच लिहिलं होतं. म्हातारा वाचेल, हसेल, "ये रं खुळ्या" म्हणेल आणि अबोला संपेल, या आशेवर मी पहिली प्रत तालमीत पाठवली आणि वाट बघत बसलो.

वस्ताद राहिले बाजूला, बाकीचं कोल्हापूर आलं.

पहिले आले ते मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. रविवारी सकाळी, टोपी हातात घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसले, बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वाईट झालं."

मी विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो. तुमची कुस्ती वाचली. काल रात्री घास गोड लागला नाही."

मी म्हटलं, "मास्तर, ते विनोदी आहे." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच शरमलो.

त्यांच्यामागून गडमुडशिंगीचे एक शेतकरी आले. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. कुणीतरी दुधाच्या डेअरीवर वाचून दाखवलं होतं. आल्या आल्या त्यांनी चहाचं टेबल भिंतीला लावलं.

"उठा पावणं. त्यो तुमचा पाय वडून पट काढाय खाली आला न्हवं? तवा तुमी सरळ हुबं ऱ्हायला. हितं घात झाला की! तवाच त्येच्या मानंवर भार टाकायचा. असा!"

असा म्हणजे कसा, ते त्यांनी मला वाकवून दाखवलं. मी चाळिशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, पाठ तोळामासा! दोन दिवस अंथरुणात होतो. बायको तेल चोळत म्हणाली, "अहो, कुणी हसायला येणार असेल तर सांगा, चहा हौसेनं टाकते. सुतकाला आल्यागत बसत्यात सगळे. आणि मला विचारत्यात, लग्नाआधी ठाऊक होतं का म्हणून!"

आता बोला! एक बँकेतले कॅशियर तर खोलीचं दार लोटून, आवाज खाली आणून म्हणाले, "त्यो गडी अजून हाय. नातवंडं हायती, पर तब्येत राखून हाय. तुम्ही निस्तं व्हय म्हना, परत जमवू." मी कपाळाला हात लावला. पुण्याची माणसं पत्रातून विचारतात, तुम्हाला इतकं सुचतं कसं? आणि माझ्या गावातली माणसं मला पुन्हा लंगोट नेसवायला निघालेली! मी हात जोडून सांगत होतो, अहो, हसा की! पण भर मैदानात पेठेचा गडी पडला यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना काही केल्या कळेना.

आणि वस्ताद? त्यांच्याकडून चकार शब्द नाही.

शेवटी बातमी दिली माझ्या न्हाव्यानं. गालाला साबण लावता लावता म्हणाला, "तालमीत तुमचं पुस्तक रोज वाचत्यात. वस्तादास्नी आताशा दिसत न्हाय, म्हनून एकजन मोठ्यानं वाचतोय, बाकीची ऐकत्यात. पर हसायची बंदी हाय. परवा एकजन फिसकन हसला, तर वस्तादांनी त्येला दमस्तोवर बैठका मारायला लावल्या. म्हनले, आपला गडी पडलाय आनि दात काढतोस?"

माझं टाळकं सरकलं. ज्याला हसवायला मी स्वतःची एवढी फजिती छापून काढली, त्यानंच हसण्यावर बंदी घालावी? तसाच उठलो, अर्ध्या दाढीचं भान नाही, तडक तालमीत गेलो. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर भिंतीला टेकून बसले होते. फार थकलेले दिसले. दारातनं मारलेली माझी हाक ऐकल्याबरोबर त्यांनी बाकीच्यांना हातानंच बाहेर घालवलं.

"वस्ताद," मी ओरडलोच, "मीच लिहिलंय ते! लोकांनी हसावं म्हणूनच लिहिलंय! तुम्ही कशापायी अडवता?"

"बस," ते म्हणाले. वीस वर्षांनी कानावर पडलेला पहिला शब्द. मी मातीतच बसलो.

"तू लिवलंस, भ्यालो म्हनून पडलो. खोटं हाय त्ये. जोड कुनी लावलीती?"

कुणाची कुस्ती कुणाशी, हे ठरवणं म्हणजे जोड लावणं. ते काम वस्तादाचं. पैलवानानं तिथं तोंड उघडायचं नसतं. मी म्हटलं, "तुम्ही."

"त्यो गडी अंगानं तुझ्या दीडपट, डावात दोन-तीन वर्सं म्होरं. तुझी त्येची जोडच न्हवती. मला दिसत हुतं की. पर त्येंच्या तालमीची मानसं चहाच्या दुकानात चारचौघांत म्हनली, ह्या वस्तादाची पोरं निस्ती दूध प्यायला हायती. माझं डोकं फिरलं. म्या व्हय म्हनून बसलो. पोराला माती चारली ती म्या. मग तुला तोंड कुटलं दावू? तू दिसलास की बोळात शिरायचो."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"आनि तू? समदं ठावं असून पुस्तकात माझ्यावर एक अक्षर न्हाय. समदं सवतावर घेतलंस. जगानं तुला हसावं, पर वस्तादाला कुनी नाव ठेवू नये म्हनून. मग म्या कसं हसू दीन रं कुनाला?"

मला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी स्वतःला भेकड समजत आलो होतो. भेकडाची सोंगं वठवूनच पोट भरत होतो. मला रडू आवरेना. अर्ध्या कोल्हापूरशी मी महिनाभर भांडलो होतो, की तुम्ही माझं पुस्तक चुकीचं वाचता. पण ह्या माणसासमोर ते वाक्य तोंडातून निघेना. "असू द्या, वस्ताद," एवढंच म्हणालो.

"म्होरल्या छपाईत खरं लिव," त्यांनी बजावलं. "जोड वस्तादानं चुकवली, असं लिव."

वर्षभरानं दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशक म्हणाला, कुस्तीच्या प्रकरणाला हात लावू नका, पुस्तक त्याच्यावरच खपतंय. मी लावला नाही, पण त्याच्यासाठी नव्हे, वस्तादांसाठी. वस्ताद तोवर रोज संध्याकाळी कुणाचा तरी हात धरून आमच्याकडं चहाला यायला लागले होते. माझं सांत्वन करायला आलेला कुणी सापडला की ते छाती पुढं काढून त्याला सांगायचे, "जोड म्या चुकवली हुती. पर ह्या पोरानं माझ्यावर येऊ दिलं न्हाय."