दूध उघडं जात नाही

राजनंदिनीला मेंढरांची डॉक्टर समजणारे लोक सांगोल्याकडे अजून पुष्कळ आहेत. वस्तीवर गेली की कुणीतरी म्हातारा लंगडतं कोकरू काखोटीला मारून दारात हजर. ‘बाबा, मी तसली डॉक्टर न्हाय’ हे सांगून सांगून बिचारीचं तोंड दुखलं. शेवटी तिने सांगणंच सोडलं. आता ती गुपचूप खुरातला काटा काढून देते. धनगराच्या पोरीला काटा काढायला पीएच.डी. थोडीच लागते!

मग ती करते तरी काय? तिच्या वडिलांनी, हरिबांनीही तिला हेच विचारलं होतं. आता हरिबा म्हणजे बोलका माणूस. लांडग्याची गोष्ट सांगायला बसले की लांडगा दर वेळी हातभर वाढतो. मग चुलीपाशी बसलेली बाळाबाई मान वर न करता नुसतं “बास की” म्हणते आणि हरिबा अर्ध्या वाक्यावर गप्प होतात.

“आबा,” राजनंदिनी म्हणाली, “आपल्या अंगात जनुकं असत्यात. ती सारखी हुकूम सोडत्यात, हे बनवा, ते बनवा. त्यांना ‘बास की’ म्हननारे बारके बारके रेणू असत्यात. मायक्रोआरएनए म्हनत्यात त्यांना. मी त्यांच्या मागं हाय.”

हरिबांनी थोडा विचार केला. “म्हंजी माज्या अंगात बी तुजी आय बसलीय म्हन की!”

तर अशी ही बाई. सांगोल्यात बारावी, सोलापुरात बीएस्सी, हैदराबादेत पीएच.डी. पुढे अमेरिकेला जाणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं, आणि ही पठ्ठी सोलापुरात परत आली. लोक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता. भर उन्हाळ्यात बहुतेक दख्खनी मेंढ्या आटतात, पण काही मेंढ्या तशाच कडक उन्हात कोकरांना पाजत राहतात. मग दुधाला ‘बास की’ कोण म्हणतं, आणि या मेंढ्यांत ते गप्प का बसतं? याचा शोध मेंढ्या आहेत तिथेच राहून घ्यायचा. हैदराबादच्या काचेच्या इमारतीत तिला कोण मेंढरं बांधू देणार होतं?

सोलापुरातल्या एका कॉलेजात विरुपाक्ष सरांनी तिला दोन खोल्यांची प्रयोगशाळा दिली. सर अक्कलकोटकडचे; आनंद झाला की मराठीत बोलायचे, राग आला की कन्नडमध्ये. मदतीला अपेक्षा नावाची एक हुशार मुलगी होती. सकाळी वस्त्यांवरच्या बायका मेंढीचं दूध छोट्या नळ्यांत भरायच्या, राजनंदिनीचा भाऊ धनाजी त्या बर्फाच्या डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि अपेक्षा सोलापूर स्टँडवर डबा उतरवून घ्यायची. झकास चाललं होतं.

पण प्रकल्पाची मुदत संपत आली. पुढची वर्षं मिळणार की नाही, ते हैदराबादची समिती ठरवणार होती. नाही म्हटलं की प्रयोगशाळेला कुलूप, अपेक्षा घरी आणि राजनंदिनी पुन्हा परगावी नोकरी शोधायला. नेमक्या अशा वेळी घबाड हाती लागलं. वस्तीवरच्या दुधात चक्क झाडपाल्याचे मायक्रोआरएनए सापडले! सरकारी फार्मवर बांधलेल्या मेंढ्यांच्या दुधात मात्र ते औषधालाही नव्हते. राजनंदिनी हरखून गेली. म्हणजे माळावर चरणारी मेंढी जे खाते, त्याचा निरोप दुधातून कोकरापर्यंत पोचतो की काय! विरुपाक्ष सरांनी शेंगापोळ्या मागवल्या आणि अख्ख्या कॉलेजला बातमी सांगितली, अर्थात मराठीत.

एक गोष्ट तेवढी खुपत होती. पहिल्या दिवशी राजनंदिनीने स्वतः उभं राहून भरून घेतलेल्या नळ्यांत पाल्याचा मागमूस नव्हता. ‘उन्हाळा होता, चरायला होतं काय?’ असं म्हणून तिने त्या नळ्या फ्रीजरच्या तळाशी सारल्या. शहाण्या माणसाला निमित्त कसं पटकन सापडतं बघा.

हैदराबादला जायच्या आधी आणखी थोडं दूध घ्यावं म्हणून ती वस्तीवर गेली. सकाळी बाळाबाईने वाटीत धार काढली, उठली, अंगणातल्या तुळशीचं पान खुडलं, बोटांत चुरगाळलं, दुधात टाकलं, वाटी हलवली आणि धनाजीच्या डब्यात जायची नळी भरायला घेतली.

“आये! हे काय केलंस?”

“काय केलं? पान टाकलं.” बाळाबाईला लेकीचंच नवल वाटलं. “दूध घरातनं उघडं जातंय व्हय? नजर लागती मेंढीला.”

“रोज टाकतीस?”

“समद्याच टाकत्यात. तू बी टाकायचीस की, मास्तरांच्या घरी दूध न्यायचीस तवा!”

राजनंदिनीला आठवलं. खरंच की! चौथीपर्यंत रोज तिच्या हातातल्या तांब्यात पान तरंगायचं. इतकं रोजचं, की ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

“आन् पयल्या दिवशी? तवा न्हवतं टाकलंस?”

“तवा तू सोता हुबी हुतीस न्हवं. तुज्याच हातात दिलं. हे तर एसटीनं जातंय. घरच्याला कशाला पान?”

झालं! माळ नाही, चारा नाही, कोकराला निरोप नाही. होती ती अंगणातली तुळस. राजनंदिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून बाळाबाईचा चेहरा उतरला.

“नंदे, माज्यामुळं तुजं काम बुडालं का गं?” आणि लगेच आवाज खाली आणून, “कुनाला सांगू नगंस. कुनाला कळतंय?”

खोटं कशाला सांगू, राजनंदिनीच्या मनात तो विचार येऊन गेला. कुलूप दिसलं, अपेक्षाचं तोंड दिसलं. मग तिने नाक पुसलं. “मला कळलंय की, आये,” असं म्हणाली आणि तिला एकदम हसूच फुटलं. हसता हसता तिने रिकाम्या नळ्या पुढे केल्या. “आता ह्या बिनपानाच्या भर.”

बाळाबाईचा हात थबकला. तिच्या लाडक्या चंद्रीला जुळी कोकरं होती, आणि दूध उघडं धाडायचं म्हणजे काय, हे फक्त तिलाच ठाऊक. “बिरोबा, बघ रं बाबा,” असं पुटपुटत तिने नळ्या भरल्या. निघताना मात्र लेकीच्या मुठीत एक पान कोंबलं. “दुधात टाकत न्हाय आता. पन तू काय बिनपानाची जातीस व्हय?”

हकीकत ऐकून विरुपाक्ष सर बराच वेळ कन्नडमध्ये बोलले. अपेक्षाला कन्नड येतं. तिचे कान लाल झाले. मग “साकु, साकु,” बास बास, असं स्वतःलाच म्हणून सर खुर्चीत बसले आणि मराठीत म्हणाले, “लागा कामाला.” पानाच्या आणि बिनपानाच्या दुधाची चाचणी झाली. पानाच्या दुधात पाला होता, बिनपानाच्या दुधात नव्हता. मग फ्रीजरच्या तळाच्या त्या टाकून दिलेल्या नळ्या वर आल्या. पाल्याचा गोंधळ नसल्यामुळे त्यांत एक बारीकशी गोष्ट स्वच्छ दिसली. न आटणाऱ्या मेंढ्यांच्या दुधात एक मायक्रोआरएनए फारच कमी होता. दुधाला ‘बास की’ म्हणणारा हाच असावा. मेंढ्या मोजक्याच होत्या, छातीठोक बोलावं असं काही नव्हतं, पण धागा खरा होता.

हैदराबादेत तिने पहिलंच वाक्य टाकलं, “माझा निष्कर्ष चुकला.” मग तिने तुळशीची गोष्ट सांगितली, आणि मागच्या रांगेतून सुरू झालेलं हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. समितीच्या अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत.

“पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. उद्या त्या पुन्हा पान टाकणार नाहीत कशावरून?”

राजनंदिनीने पर्समधून सुकलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. “आई म्हणाली, दुधात टाकत नाही. मग हे माझ्यासोबत पाठवलं.”

बाईंनी ते पान उचलून तळहातावर घेतलं.

संध्याकाळी राजनंदिनीने घरी फोन लावला. “आये, काम मिळालं! प्रयोगशाळा ऱ्हायली!”

“चंद्री बी बरी हाय,” बाळाबाई आधी म्हणाली. मग, “लई चांगलं झालं गं. आन् पान?”

“मोठ्या बाईंनी मागून घेतलं. त्यांची लेक पुढल्या आठवड्यात परदेशी चाललीय.”

पलीकडून काळजीचा आवाज, “म्हंजी तू आता तितनं बिनपानाचीच येनार?”

“घरीच येती की, आये,” राजनंदिनी म्हणाली. “घरच्याला कशाला पान?”