डाळिंबी निशाणी

शेखलाल मिस्त्रीचं बोलणं म्हणजे थंडीतलं डिझेल इंजिन. आधी नुसती घरघर, "ह्हं... ह्हं...", मग एक ठसका, मग "असं बघा". आणि एकदा ते "असं बघा" पेटलं की बंद करायला हुसेनबीच लागते. हुसेनबी ही त्याची बायको. ती स्वयंपाकघरातून एवढंच म्हणते, "हौ, समज्या सबकू. खाना ठंडा हो रा." इंजिन जागच्या जागी गप्प.

त्याचं सगळ्यात लाडकं "असं बघा" असायचं क्लिपांचं. रबरी पाइप लोखंडी नळीवर चढवायचा, वरून पत्र्याचा पट्टा गुंडाळायचा आणि स्क्रूनं आवळायचा, ती क्लिप. एवढीशी वस्तू, इंजिनात कुणी तिच्याकडं ढुंकून बघत नाही. पण हैदराबाद रोडवरच्या त्याच्या रेडिएटरच्या दुकानात कुणी चकाकती क्लिप घेऊन आलं, की शेखलाल खिशातून चुंबक काढणार. पट्ट्याला लावणार, पट्टा ढिम्म. स्क्रूला लावणार, टच्च!

"असं बघा, पट्टा स्टेनलेसचा, स्क्रू साधा. नवरदेव झकास आन घोडं लंगडं. पाण्यात राहणार हाय ही. स्क्रूच गंजला तर पट्टा काय करणार, आरती?"

भोकं पाडलेला पट्टा त्याला चालायचा नाही; तो किसणीसारखा रबर खातो. पट्टा सलग हवा, कडा बाहेर वळलेल्या हव्यात. पाइपच्या टोकापासून बोटभर आत बसवायचा. आणि आवळायचा किती? इथं शेखलाल समोरच्याचं मनगटच धरायचा.

"लेकराला रस्ता ओलांडताना धरतो, एवढं. सुटाय नको, आन रडायबी नको. क्लिप म्हणजे काय गळा हाय व्हय कुणाचा?"

आवळून झालं की तो वरच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढायचा. होय, नेलपॉलिशची. डाळिंबी रंगाची. स्क्रूच्या डोक्यावरून पट्ट्यावर एक बारीक रेघ ओढायचा. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटणार. रेघ सरळ आहे, म्हणजे शेखलालनं आवळलं तसंच आहे. पहिली बाटली हुसेनबीच्या लग्नातली. ती संपली तेव्हा हुसेनबीनं दुकानदाराला सांगितलं होतं, "वईच रंग देव जी. मेरे कू नै, मेरे मर्द कू होना." दुकानदारानं कसं बघितलं, ते ती अजून डोळे फिरवून करून दाखवते.

ही रेघ सुरू झाली ती सिद्धप्पामुळं.

सिद्धप्पा दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. तरुणपणी तो ट्रकवर ड्रायव्हर होता आणि शेखलाल त्याच ट्रकवर क्लीनर. एकदा घाटात रेडिएटरचा पाइप निसटला आणि बॉनेट उघडायला गेलेल्या सिद्धप्पाच्या हातावर उकळतं पाणी आलं. तो पाइप शेखलालनं बसवलेला. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलून निघाला. दवाखान्यात शेखलाल रडायला लागला, तर सिद्धप्पाच त्याला म्हणाला, "बिडो माराया! सोड की. हात भाजलाय ल्या, दोस्ती भाजली न्हाय."

हे वाक्य शेखलालनं नंतर आयुष्यभर मिरवलं. लग्नात सांगितलं, मयतीत सांगितलं, गिऱ्हाइकांना फुकट ऐकवलं. लेक मेहनाज तर बापाचा ठसका लागला की पुढचं आपणच म्हणायची, "दोस्ती भाजली न्हाय!" आणि त्या दिवसापासून शेखलालनं एकही क्लिप रेघेशिवाय सोडली नाही.

पुढं माढ्याकडच्या नंदूशेठनं धरणाच्या फुगवट्यावर माणसं नेणारी लाँच घेतली. कोकणातल्या मासेमारी बोटीचं जुनं मरीन डिझेल इंजिन तिला बसवलं. इंजिनाचं काम शेखलालकडं आलं. ड्रायव्हर कोण? तर शेखलालच ठसकला, "असं बघा शेठ, आपला सिद्धप्पा हाय की."

ट्रकचं इंजिन आपलंच पाणी फिरवून थंड होतं. या इंजिनाला थंड करायला धरणाचंच पाणी लागायचं. बोटीच्या तळाला भोक, त्यावर व्हॉल्व, व्हॉल्वपासून पंपापर्यंत रबरी पाइप. "असं बघा, ट्रकचा पाइप फुटला तर गाडी थांबती. हा फुटला तर धरण आत येतंय." म्हणून तिथं प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा, एकीचा स्क्रू इकडं तोंड करून, दुसरीचा तिकडं. चारीवर डाळिंबी रेघ. अधूनमधून शेखलाल एसटीनं यायचा, बोटानं रबर दाबून बघायचा, पट्ट्याखाली गंजाचा ओघळ आहे का, लाँचच्या पोटातल्या अंधारात दिसेल तेवढी रेघ सरळ आहे का बघायचा आणि सिद्धप्पाबरोबर भाकरी खाऊन परत जायचा.

या वेळी मात्र बोलावणं आलं ते नंदूशेठचं. नंदूशेठला दर वाक्यात एक इंग्रजी शब्द लागतो, भजीला मिरची लागते तसा.

"मिस्त्री, टोटल डिझास्टर झालं. बेसिकली बोट बुडणार होती. या लगेच."

लाँच वऱ्हाड घेऊन निघाली होती. मधोमध पाण्यात तळाचा पाइप फाटला. पाणी घोट्यापर्यंत चढलं. आचाऱ्यानं बुंदीचं पातेलं रिकामं केलं आणि वऱ्हाड त्या पातेल्यानं पाणी उपसत बसलं. सिद्धप्पानं चाचपडत तळाचा व्हॉल्व बंद केला म्हणून सगळे वाचले. नवरदेवाची मावशी अजून सांगते म्हणे, "आवं, माशांनी बुंदी खाल्ली, आमी न्हाय!"

शेखलाल धक्क्यावर पोचला तेव्हा पाइप काढून फळीवर ठेवलेला होता, क्लिपांसकट. एका क्लिपेचा पट्टा रबरात असा रुतलेला, की सुजलेल्या बोटात अंगठी. कडेला रबर फुगून वर आलेलं आणि बरोबर पट्ट्याखाली पाइप कापला गेलेला.

"हे ओव्हरटाइट आहे," नंदूशेठ म्हणाला. "मलापण दिसतंय. आणि मिस्त्री, तुमची लाइन बघा. एकदम सरळ. तुम्हीच सांगता ना, लाइन सरळ म्हणजे तुमच्यानंतर कुणी हात लावला नाही?"

"ह्हं... ह्हं..." शेखलालचं इंजिन पेटेना. त्यानं क्लिप उजेडात धरली. रेघ सरळ होती. पण डाळिंबी नव्हती. लाल होती, आणि तिच्यात चमकी होती. आता बाटल्या मेहनाज आणायची, आणि तिनं असली चमकी कधी घरात आणली नव्हती.

त्यानं नखानं खरवडलं. चमकीचा एक पापुद्रा निघाला. त्याच्याखाली चमकी. तोही काढला. त्याच्याखाली, जरा तिरकी, पुन्हा चमकी. सगळ्यात तळाशी पट्ट्यावर आपल्या जागी सरळ पडलेला डाळिंबी तुकडा, आणि त्याचा स्क्रूवरचा जोडीदार गरकन फिरून भलतीकडंच तोंड करून बसलेला.

शेखलालनं मान वर केली. सिद्धप्पा पाण्याकडं बघत होता. तिथं एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता, आणि सिद्धप्पा त्याच्याकडं असा बघत होता, जणू जन्मात पहिल्यांदा पाणकावळा बघतोय.

"सिद्धप्पा," शेखलाल म्हणाला, "सांग की शेठला. ह्या क्लिपेला कुणी हात लावलता?"

सिद्धप्पानं शर्टाची बाही ओढून भाजलेल्या हाताचं बटण लावलं.

"मी काय सांगू? मी ड्रायव्हर. क्लिपा तुज्या, निशाणी तुजी."

"ऐकलंत?" नंदूशेठ म्हणाला. "मिस्त्री, तुमचं वय झालं, हात जड झाला. नो हार्ड फीलिंग. आज पॅसेंजर थांबलेत म्हणून एवढं बसवून द्या. इथून पुढं टेंभुर्णीचा माणूस बघेल." आणि मोटारसायकल उडवत तो गेला.

शेखलालच्या मुठीत पापुद्रे होते. हाक मारून दाखवले असते तर नंदूशेठ परत फिरला असता. शेखलालनं हाक मारली नाही. हे सिद्धप्पानं सांगायचं होतं. त्याच्या वाटणीचं होतं ते.

तो लाँचच्या पोटात उतरला. मागोमाग सिद्धप्पा.

"कदीपासनं?" शेखलालनं विचारलं.

"काय कदीपासनं?"

"पानकावळा गेला. आता माझ्याकडं बघ."

सिद्धप्पानं पायानं तळातलं पाणी ढवळलं. "रोज सकाळी," तो म्हणाला. "ऊदबत्ती लावतो, नारळपाणी शिंपडतो, आन पाना घेऊन एक-एक पीळ देतो. लई न्हाय ल्या. उगं हलकासा. मग बाजारातनं आणलेल्या बाटलीनं रेघ ओढतो, तू बघशील म्हणून. तुज्या मनाला लागंल म्हणून."

"रोज?"

"माणसं बसत्यात की रे वर! लेकरं असत्यात. मला न्हाय निघवत पीळ दिल्याबिगर."

"माझ्या हातानं आवळलेलं असून?"

सिद्धप्पानं बाहीचं बटण तेवढं चाचपलं. आणि शेखलालला सगळं कळलं. घाटातला तो पाइप, दवाखाना, ते वाक्य. इतकी वर्षं लग्नामयतीत मिरवलेलं ते वाक्य तोंडाचं होतं. हात कधीच विसरला नव्हता. दोघं एका ताटात भाकरी खात होते, आणि आपली एसटी वळणावर दिसेनाशी झाली की हा पाना काढत होता.

"घाबरलास, ते समजंल मला," शेखलाल म्हणाला. "तोंडावर बोलला असतास तर तुझ्यादेखत दहा वेळा दाखवलं असतं. पर आत्ता वर, शेठसमोर..."

"नोकरी गेली असती ल्या माझी. या वयात कोण ठेवतंय ड्रायव्हर? तुला दुकान हाय."

"दुकान हाय. त्यावर नाव कुणाचं हाय?"

शेखलालनं नवा पाइप कापला, नळीवर चढवला, सलग पट्ट्याच्या चार नव्या क्लिपा घातल्या. स्क्रूंना चुंबक लावून बघितलं. इंजिन चालू करायला लावलं, पाण्याच्या ओढीनं पाइप जागी बसू दिला, बंद करून पुन्हा पाना लावला. मनगट धरावं एवढंच. सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवलं, ते कोरडंच वर आलं. हत्यारं पिशवीत भरली आणि भाकरीला न थांबता तो रस्त्याला लागला.

एसटी येऊन तो खिडकीशी टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. सिद्धप्पा. मागं माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"ए शेखलाल, कुटं हायस? फाट्यावर हायस का अजून? निशाणी न्हाय की रे ह्याच्यावर! चारीवर न्हाय!"

"हां. न्हाय."

"आरं, लोकं बसल्यात. शिव्या घालायल्यात मला. बिन निशाणीचं कसं काढू मी पाण्यात? मला कसं कळायचं, बरोबर आवळलंय का न्हाय ते?"

शेखलालच्या वरच्या खिशात डाळिंबी बाटली होती. गाडी फाट्यावरच उभी होती, कंडक्टर अजून तिकिटं फाडत होता. उतरायचं तर आत्ता उतरता आलं असतं. एकदा ठसका आला. "असं बघा" काही आलं नाही.

"तुझ्याकडं बाटली हाय की," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.