जाऊ नका, पण स्पॅनिशमध्ये

लढाईच्या काळात आमचे हे पलटणीबरोबर परमुलखात होते आणि मी तिसगावजवळच्या आमच्या गावात, सासूबाईंच्या ताब्यात. ऊठ, दळ, शेण काढ. दिवसभर माझ्याशी कुणी बोललं तर एवढंच. चौथी पास असल्याचा मला भारी ताठा. पण तो दाखवायचा कुणाला? शेळीला?

त्या शेळीचं दूध रोज सकाळी मिशनच्या दवाखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या सिस्टर स्पेनच्या. त्यांना मराठी शिकायची होती, मला बोलायला माणूस हवं होतं. मी त्यांना भाकरी, बादली, चूल शिकवायची; त्या मला त्यांच्या भाषेतलं ‘जाणे’ शिकवायच्या.

हुकूम सोपा निघाला. ‘बे’ म्हणजे जा. मोठ्या माणसाला म्हणायचं असेल तर ‘बाया’. मी फिदीफिदी हसले. घरी आल्यावर शेळीपुढं उभी राहून ऐटीत म्हटलं, "बे!"

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं ए, शेळीसंगं काय बोलतीस? याड लागलं का?"

"न्हाई आत्याबाई, तिला जा म्हनते."

"तिला कशाला घालवतीस? तूच जा, पानी आन!"

अडलं ते ‘नको’पाशी. सिस्टर म्हणाल्या, आमच्यात ‘जा’ हा हुकूम. पण ‘जाऊ नको’ म्हणायला हुकमाचं रूप चालत नाही. आपण ‘यावं’, ‘घडावं’ म्हणतो ना, तसं मनातल्या इच्छेचं रूप घ्यावं लागतं; मोठ्यांसाठीचं ‘बाया’ हे मुळात तेच रूप. मी मान डोलावली. डोक्यात काडीभर शिरलं नव्हतं.

मग एके सकाळी त्यांनी सांगितलं, बदली झाली, सोमवारी निघणार. तेव्हापासून चुलीपुढं, विहिरीवर मी ‘जाऊ नका’चं ते एकच वाक्य घोकत राहिले. वाटायचं, त्यांच्याच भाषेत सांगितलं तर थांबतील. केवढी शहाणी मी! माझ्या व्याकरणासाठी बदली रद्द होणार होती जणू.

सोमवारी टांग्यात ट्रंक चढली. मी पदराचं टोक मुठीत धरून म्हटलं, "नो से बाया, सिस्टर." जाऊ नका.

त्यांचा चेहरा उजळला. माझे दोन्ही गाल धरून म्हणाल्या, "बरोबर! अगदी बरोबर! एक चूक नाही!" आणि टांग्यात चढल्या.

पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही. पुन्हा शाबासकीच मिळाली असती.

घरी येऊन शेळीच्या गळ्यात हात टाकले आणि तेच वाक्य तिच्या कानात म्हटलं. ती मात्र गेली नाही. जाणार कुठं, दाव्याला बांधलेली!