पुढच्या दोन वर्षांचा गहू

पुंडलिकनगरात मी ज्या दोन खोल्यांत डबे करते, त्या घरमालकांनी विकायला काढल्या तेव्हा पहिल्यांदा मलाच विचारलं, हा त्यांचा चांगुलपणा. "ताई, तुम्ही घेत असाल तर मी बाहेरचं गिऱ्हाईक बघत नाही. पण दिवाळीपर्यंतच थांबेन," म्हणाले. आठ वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी होऊन मी याच खोल्यांत आले होते, एक कुकर आणि शाळेत जाणारी मुलगी घेऊन. खोल्या सोडायच्या म्हणजे धंदाही सोडायचा, कारण माझे सगळे डबे आसपासच्या गल्ल्यांत राहून शिकणाऱ्या पोरापोरींचे. मला ते घर हवं होतं. इतकं हवं होतं की कुणापाशी बोलायचीसुद्धा भीती वाटायची.

बँकेतल्या साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. मी म्हटलं, माझा पगार मीच मला देते, स्लिप कोण देणार? ते हसले नाहीत. स्वतःचा धंदा आहे तर पुढच्या दोन वर्षांत किती कमवाल याचं पत्रक करा आणि त्यावर सीएची सही आणा, म्हणाले. उद्या मेथी मिळेल का गवार हे मला सांगता येत नाही आणि ह्यांना दोन वर्षं हवीत! तणतणतच बाहेर पडले.

सीए म्हणजे कुणी टक्कल पडलेले गृहस्थ असतील असं मी धरून चालले होते. निघाली माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी. तिनं पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "रोजचे डबे किती?"

"असतील पस्तीस-चाळीस."

तिनं माझं पासबुक उलटसुलट पाहिलं. "ताई, नुसते फोनवरून पैसे देणारेच पन्नासच्या आसपास दिसतात. रोख देणारे वेगळे. माझ्याकडं लोक आकडा फुगवून घ्यायला येतात. कमी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी चिडले. चोरी पकडल्यासारखं झालं म्हणून चिडले. पण त्यात चोरी नव्हती, आमच्या घरची रीतच तशी. देवगाव रंगारीला आमची शेती. बांधावरून जाणाऱ्यानं "यंदा किती होईल?" असं विचारलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, उभ्या पिकाकडं न बघताच म्हणायचे, "बघू, घरापुरतं होईल." खळ्यावर रास पडेपर्यंत आकडा तोंडातून काढायचा नाही. आई पोळ्यासुद्धा मोजू द्यायची नाही, बरकत जाते म्हणायची. मी शहरात राहणारी, बारावी झालेली. पण एकदा शेजारणीला डब्यांचा खरा आकडा सांगितला आणि महिन्याभरात सात पोरं गेली. परीक्षा संपल्यावर पोरं गावी जाणारच, हे मलाही कळतं. तरी तेव्हापासून खरा आकडा मी कुणाला सांगितला नाही, आणि खरं तर स्वतःलाही नाही.

"चाळीस डब्यांवर तुम्हाला लागतं तेवढं कर्ज बसत नाही," सीए म्हणाली. "आणि पटल्याशिवाय मी एक डबासुद्धा वाढवून लिहिणार नाही. नीट मोजा, नावांची यादी आणा."

माझ्याच जिभेपायी घर हातचं जाणार होतं. तरी चार दिवस मोजायला धजले नाही. सकाळी डबे मांडले की नजर आपोआप दुसरीकडं जायची. माझी मुलगी म्हणाली, मी मोजते, तर तिच्यावरच ओरडले.

पाचव्या दिवशी अण्णा आले. महिन्या-दोन महिन्यांनी गावातल्या कुणाच्या तरी गाडीत गव्हाचे कट्टे टाकून ते येतात. पैशांचं नाव काढलं तर चहाही न घेता निघतील असे. त्यांना सगळं सांगितलं.

"घर पायजे ना तुला?"

"पाहिजे."

"मग मोजावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराजवळ पाट घेऊन बसले. मी भरलेला डबा पुढं करायची, ते तो पिशवीत ठेवायचे. धान्य मापताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अण्णांनी डबेही तसेच मोजले. "लाभ, दोन, तीन..." शेवटचा डबा ठेवून ते म्हणाले, "एकसष्ट." मग माझ्याकडं बघून हळूच, "लई लेकरं जेवतात गं माय तुझ्या हातचं."

मला रडूच आलं. माझ्या कामाबद्दल आठ वर्षांत ते एवढंच बोलले होते, पण मला तेवढं पुरलं.

यादी घेऊन आम्ही दोघं सीएकडं गेलो. तिनं गॅस, तेल, भाजी, किराणा सगळा खर्च विचारून घेतला. "आणि गहू?"

"गहू घरचा हाय," अण्णा पटकन बोलले. "त्याचा पैसा नाय धरायचा."

"काका, हे पत्रक दोन वर्षांचं आहे. दोन्ही वर्षं गहू येणार का?"

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली. मागच्या हिवाळ्यात छातीचं दुखणं झालं, तेव्हापासून शेतात काठी घेऊन जातात. उभ्या पिकाचा आकडा न सांगणारा माणूस म्हणाला, "लिहा. दोन्ही वर्षं येईल." मग आवाज उतरवून, "मी हाय तवर तर येईल."

मी मान खाली घातली.

"गहू येऊ द्या काका, खुशाल येऊ द्या. पण पत्रकात मी तो बाजारभावानं विकत घेतलेला धरते. मला तसंच धरावं लागतं."

"मंजी माझा गहू यात नायच?" अण्णांचा चेहरा पडला. त्यांना ते लागलं, मला दिसत होतं. मला त्या पोरीचा रागही आला, पण बोलायची सोय नव्हती.

तिनं बेरजा-वजाबाक्या केल्या, एकदा पुन्हा केल्या आणि कागद आमच्याकडं फिरवला. "गहू विकत धरूनही हप्ता भरून उरतंय. कर्ज बसतंय, ताई."

माझा जीव भांड्यात पडला. अण्णा मात्र त्या इंग्रजी कागदाकडं बघत राहिले.

"मंजी मी गहू नाय दिला तरी हिचं भागतं?"

"भागतं, काका."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही वर्षं."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आम्हा दोघींच्या देखत डोळे पुसले. आपल्या मागं हिचं कसं होईल, ही काळजी ते दर खेपेला गव्हाबरोबर घेऊन येत होते आणि मला कधी कळलं नव्हतं.

"मग करा मॅडम सही," ते म्हणाले.